पाण्याची खतावणी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या गावातले व्यापारी नवी वही पुजतात. कुंकवाचे बोट उठते, झेंडूचे फूल ठेवले जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या कोऱ्या पानावर पुन्हा तीच तीन खाती चालू होतात: आले किती, गेले किती, शिल्लक किती. या तिघांचा मेळ बसलाच पाहिजे. चार आण्यांचा फरक राहिला तर जुना मुनीम दिवा लावून रात्र जागवीत असे. चार आण्यांसाठी नव्हे, मेळासाठी. नदीलाही नेमका हाच कायदा लागू आहे. फरक इतकाच की नदीच्या वहीत खोटी नोंद करण्याची सोय नाही.

मराठीच्या मास्तराने पाण्याच्या गणितात नाक खुपसावे, हे काही वाचकांना रुचणार नाही. पण माझा नाइलाज आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी नोकरी करणाऱ्या माणसाच्या वर्गात डोंगरावरची मुले बसतात, आणि डोंगरावरच्या मुलांच्या निबंधात पाणी येतेच. त्यांतली बरीच मुले धडगावकडची. जुन्या कागदपत्रांत या मुलखाला अक्राणी महाल म्हणतात, तालुक्याचे नावही अक्राणीच. पण बोलताना सारे धडगावच म्हणतात. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोवर हा सारा भाग धुळे जिल्ह्यात होता. तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून गेले की धडगाव. उन्हाळ्यात तिथल्या अंगणांत आंब्याच्या कैऱ्यांच्या फोडी वाळत पडलेल्या दिसतात; त्यांचा आमचूर दूरदूर जातो. आणि ऐन दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, अस्तंब्याची यात्रा भरते. महाभारतातला अश्वत्थामा डोक्यावरच्या जखमेला तेल मागत त्या शिखराच्या परिसरात अजून भटकतो, अशी श्रद्धा आहे. आपण इकडे अभ्यंगस्नानाचे तेल डोक्यावर थापत असतो, तेव्हा तिकडे कोणी तेलासाठी रानोमाळ फिरतो आहे, ही कल्पना मला दर दिवाळीला अस्वस्थ करते. असो.

तर पाण्याचा जमाखर्च. एका नळीच्या एका तोंडाने सेकंदाला दहा लिटर पाणी आत शिरले, आणि नळी आधीच तुडुंब असून कुठे फुटलेली नाही, तर दुसऱ्या तोंडाने दहा लिटरच बाहेर पडणार. नऊ नाही, अकरा नाही. पाणी दाबून दाबून लहान करता येत नाही, म्हणून मधल्या मध्ये जिरवायला जागाच नाही. यातून एक मौजेची गोष्ट निघते. नळी मध्येच अरुंद केली तर पाण्याला तेवढाच माल तेवढ्याच वेळात लहान दारातून न्यायचा असतो. मग ते काय करील? धावेल. नळीचा व्यास निम्मा केला तर तोंडाचे क्षेत्रफळ चौथाई होते आणि पाण्याचा वेग चौपट. बागेला पाणी घालताना रबरी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून शेजाऱ्याला भिजवणाऱ्या प्रत्येक पोराला हा सिद्धान्त ठाऊक असतो. युरोपात तो पुस्तकात मांडला गॅलिलिओच्या एका शिष्याने, बेनेदेत्तो कास्तेल्ली याने, १६२८ साली. नदी कुठे रुंद असो वा अरुंद, पातळी चढती-उतरती नसेल तेव्हा तिच्या प्रत्येक छेदातून सारख्या वेळात सारखेच पाणी जाते, हे त्याचे म्हणणे. डोह संथ का आणि घळीतला प्रवाह खळाळता का, याचे उत्तर एवढ्यात आले.

आमचे एक स्नेही पदार्थविज्ञान शिकवतात. हे सारे मला त्यांनी चहाच्या टेबलावर, सांडलेल्या चहात बोट बुडवून समजावले. मराठीत याला ‘वस्तुमान अक्षय्यतेचा नियम’ म्हणतात. शब्द मला आवडला. अक्षय्य म्हटले की अक्षय्य तृतीया आठवते, कधी न सरणारे काही डोळ्यांपुढे येते. पण शेतकऱ्याला हा नियम कळण्यासाठी शब्दाची वाट पाहावी लागलेली नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धत काही शतकांपासून चालत आलेली आहे. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात जाणारे सारंग, आणि जास्तीचे पाणी पुन्हा नदीत सोडायला सांडम. सारे गणित पाण्याच्या वाटणीचे. वरच्याने चारी जास्त उघडली की खालच्याची कोरडी पडणार, हे निश्चित. म्हणून पाणी फिरवायला पाटकरी नेमलेला, आणि पाटकऱ्याला शेतकऱ्यांनी धान्याच्या रूपाने मोबदला द्यायचा. अक्षय्यतेच्या नियमाची अंमलबजावणी करणारा पगारी नोकर म्हणा ना! न्यूटनलाही असा माणूस ठेवता आला नाही.

आणखी एक चमत्कार पाहायला मिळतो. नर्मदेच्या पलीकडच्या काठावर, पूर्वीच्या झाबुआ आणि आताच्या अलीराजपूर जिल्ह्यात, भिताडा गावचे पाट प्रसिद्ध आहेत. ओढ्यात दगड रचून, सागाची पाने आणि चिखल भरून बांध घालायचा, आणि तिथून निघालेला पाट डोंगराच्या कुशीकुशीने इतक्या अल्प उताराने न्यायचा की खालून पाहणाऱ्याला पाणी डोंगर चढते आहे असे वाटावे. ओढा वेगाने खाली गेलेला असतो, पाट मात्र उंचीला धरून रेंगाळत येतो, आणि दोघांतले अंतर वाढत गेले की ओढ्याच्या डोक्यावरची जमीन भिजते. मध्ये घळ आडवी आली तर दगडांवरून पाट पलीकडे. मोठा पाऊस आला की बांध वाहून जातो. तो पुन्हा घालायचा. या कामाला ज्याने हात लावला आहे, त्याला पाण्याचा स्वभाव पुस्तकातून शिकावा लागत नाही.

आणि इथेच माझ्या वर्गातला तो मुलगा येतो. प्रथम वर्षाच्या मुलांना मी ‘पाणी’ या विषयावर निबंध लिहायला दिला होता. बहुतेकांनी ‘पाणी हेच जीवन’ या वाक्याने सुरुवात केली आणि तिथेच शेवट केला. धडगावकडच्या एका पाड्यातल्या या मुलाने मात्र लिहिले होते: सरळ जाणारे पाणी भांडत नाही. त्याला वळवले की ते भांडते. म्हणून वळणावर दगड मोठे लावावे लागतात.

ते तीन ओळींचे वाक्य मी आमच्या स्नेह्यांना दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि म्हणाले, “हा मुलगा कुठल्या शाखेत आहे?”

“कला.”

“का?”

का, ते मी त्याला विचारले होते. दहावीला गणितात त्याला गुण बरे होते. अकरावीला विज्ञान घेतले आणि चार महिन्यांत सोडले. कारण विचारले तर म्हणाला, “सर, कळत होतं, पण शब्द लागत नव्हते.” त्याची घरची बोली पावरी. मराठी त्याने आश्रमशाळेत मिळवली. त्या मराठीवर पुन्हा ‘संवेग’, ‘अभिवाह’, ‘छेदक्षेत्र’ असा दगडांचा ढीग पडला. हे शब्द वाईट आहेत असे नाही. ‘संवेग’ तर जुना, घरंदाज शब्द आहे. पतंजलीच्या योगसूत्रात तो साधकाच्या तीव्र तळमळीसाठी येतो. वस्तुमान गुणिले वेग या राशीला तो कोणी दिला मला माहीत नाही, पण दिला तो रसिक होता. जड आणि वेगवान वस्तूला कुठे तरी पोचायची तळमळ असतेच. परंतु शब्द मुलाच्या हातात देण्याआधी वस्तू दाखवावी लागते. याच्या बाबतीत वस्तू त्याने आधीच पाहिली होती, आणि शब्द मागाहून त्याच्या वाटेत धोंड म्हणून उभा राहिला. भाषेच्या शिक्षकाला याहून लागणारी गोष्ट दुसरी कोणती?

आता त्या भांडणाचा हिशेब. संवेगाला जसे परिमाण आहे तशी दिशाही आहे. वेग तोच ठेवून पाण्याची नुसती दिशा बदलली तरी संवेग बदलतो, आणि संवेग बदलायचा तर कोणी तरी जोर लावावा लागतो. नळीच्या कोपराने पाण्याला वळवले, म्हणजे कोपराने पाण्याला ढकलले. मग पाणीही तितक्याच जोराने कोपराला उलट ढकलणार. समजा, एक फूटभर, म्हणजे तीस सेंटिमीटर व्यासाची नळी आहे, तीतून पाणी सेकंदाला तीन मीटर वेगाने चालले आहे आणि ते काटकोनात वळते. सेकंदाला दोनशे दहा लिटरच्या आसपास पाणी झाले. नुसत्या वळण्याने कोपरावर येणारा जोर सुमारे ९० किलो वजनाइतका. त्यात वर दहा मीटर उंच पाण्याचा दाब धरला तर कोपर बाहेर फेकू पाहणारा जोर टनभरावर जातो! म्हणून डोंगरातून पाणी उतरवणाऱ्या नळाच्या प्रत्येक वळणावर काँक्रीटचा भलामोठा ठोकळा बसवलेला असतो. ‘वळणावर दगड मोठे लावावे लागतात’ ते यासाठी.

हाच जोर कामाला जुंपला की चाक फिरते. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या भागात, लेस्टर पेल्टन नावाच्या सुताराने १८८० साली एका पाणचाकाचे पेटंट घेतले. धारेसमोर सपाट फळी धरली तर पाणी आपटून बाजूला पसरते. पण फळीऐवजी वाटी धरली आणि पाणी वाटीच्या कडेने वळून आल्या वाटेने परत फिरले, तर जोर जवळजवळ दुप्पट मिळतो. येणाऱ्याला नुसते थांबवायला जेवढा जोर लागतो, त्याच्या दुप्पट त्याला त्याच वेगाने माघारी धाडायला लागतो. हे ज्यांच्या घरी दिवाळीचे पाहुणे आहेत त्यांना निराळे सांगायला नको. पेल्टनने दोन वाट्या पाठीला पाठ लावून जोडल्या आणि धार मधल्या धारदार कण्यावर सोडली. चाकाचा वेग धारेच्या निम्म्याने ठेवला की पाणी आपला सारा जोर चाकाला देऊन रिकाम्या हाताने खाली गळते. जमेची बाजू पूर्ण खर्ची, शिल्लक शून्य. टाटांनी १९१५ मध्ये लोणावळ्याचे पाणी खोपोलीला उतरवून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली ती अशाच चाकांवर, आणि कोयनेचे पाणी पोफळीला उतरले तेही.

या साऱ्या प्रकारात उंची मोठी. धडगाव तालुक्यात पाणी आहे, धबधबे आहेत, पण उंची बेताची. अशा ठिकाणी पिंपासारखे आडवे चाक सोयीचे पडते. पाणी एका बाजूने पात्यांतून आत शिरते, मधल्या पोकळीतून जाते आणि बाहेर पडताना पुन्हा पात्यांना ढकलते. एकाच पाण्याकडून दोनदा काम. दहा मीटर उंचीवरून सेकंदाला एक लिटर पाणी आले तर त्यातून फार तर ९८ वॅट मिळतात. पंधरा किलोवॅटला दीडशे लिटर हवे, आणि घर्षणात, चाकात, जनित्रात गळते ते धरून सव्वादोनशे ते अडीचशे.

पंधरा किलोवॅट हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. धडगाव तालुक्यात उदई नदीवर बिलगाव आहे. तिथल्या धबधब्यावर २००३ साली पंधरा किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. केरळातल्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या अभियंत्यांनी आखणी केली, नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते सोबत होते, आणि माती-दगडाचे काम गावाने श्रमदानाने केले. सरकारी तारा पोचल्या नव्हत्या अशा पाड्यांत दिवे लागले. ‘स्वदेस’ हा २००४ चा हिंदी चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातल्या ओढ्यावरच्या विजेच्या प्रसंगामागे या बिलगावची प्रेरणा होती. चित्रपटातले गाव मात्र आपल्या वाईजवळच्या मेणवलीचे. सातपुड्यातले चार दिवे कृष्णाकाठच्या घाटावर जाऊन लागले तेव्हा देशाला दिसले!

बिलगावचे पुढे काय झाले, ते चित्रपटात नाही. २००६ च्या पावसाळ्यात नर्मदेचे पाणी उदईच्या मुखातून मागे चढले आणि प्रकल्प बुडाला. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: फुगवटा. खाली सरदार सरोवर. त्याची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते ५ एप्रिल १९६१ ला बसली. २००६ साली भिंत १२१.९२ मीटरपर्यंत चढवायला परवानगी मिळाली. २०१७ मध्ये दरवाजे बंद करून पातळी १३८.६८ मीटरपर्यंत न्यायची मुभा मिळाली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच त्या रेषेपर्यंत भरला. महाराष्ट्राची अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे यात सापडली. नदीपात्रातल्या वीजगृहाची क्षमता १२०० मेगावॅट आहे, म्हणजे बिलगावसारखी ऐंशी हजार यंत्रे. त्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. हा सौदा बरा की वाईट, यावर पुस्तके झाली आहेत, खटले झाले आहेत. मला एवढेच दिसते की दोन्ही ठिकाणी पाण्याने एकच नियम पाळला. बिलगावच्या चाकाला जेवढे पाणी आले तेवढे बाहेर पडले, शिल्लक काही राहिली नाही, म्हणून दिवा लागला. भिंतीमागे आलेल्यापेक्षा गेलेले कमी पडले, शिल्लक वाढली, आणि ती शिल्लक कोणाच्या तरी शेतात जाऊन बसली. वहीतला ‘शिल्लक’ हा शब्द व्यापाऱ्याला गोड लागतो. नदीकाठच्या माणसाला त्याचा अर्थ कंबरभर पाणी.

पावसाळ्यात वर्तमानपत्रे छापतात: धरणात इतके लाख क्युसेक आवक, इतके लाख क्युसेक विसर्ग. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. आवक विसर्गापेक्षा एक लाख क्युसेकने जास्त आहे, आणि असे चोवीस तास चालले, तर किती पाणी साठेल? सुमारे साडेचोवीस कोटी घनमीटर. भरलेल्या जलाशयाचा पसारा सुमारे ३७ हजार हेक्टर. भागाकार केला तर पातळी एका दिवसात ६६ सेंटिमीटर चढते, जवळजवळ दीड हात. जलाशय अर्धवट असताना पसारा लहान, म्हणून तेवढेच पाणी अधिक चढेल. आणि हे झाले उभे मोजमाप. पन्नासात एक असा मऊ उतार असेल तर दीड हात चढलेले पाणी शेतात तेहतीस मीटर आत येते. रात्री झोपताना बांधाबाहेर असलेले पाणी सकाळी ज्वारीत. शिवाय रुंद झालेल्या पात्रात वेग मरतो, हेही अक्षय्यतेनेच सांगितलेले. आणि वेग मेला की पाण्याला गाळ पेलवत नाही, तो तिथेच टाकते. पाणी ओसरल्यावर काठाकाठाने गुडघाभर चिखल राहतो, त्यातून ढोर बाहेर काढायला चार माणसे लागतात.

गेल्या पावसाळ्यात त्या मुलाने मोबाइलवर आलेली अशी एक बातमी आपल्या आजोबांना वाचून दाखवली. आजोबांनी लाखांचे आकडे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “खळ्याला केव्हा लागणार?” मुलगा सोमवारी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आला, मी त्याला स्नेह्यांकडे नेले. त्यांनी वरचा हिशेब त्याच्यापुढे मांडला. ‘संवेग’ शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही, ‘अभिवाह’ही नाही, आले, गेले, शिल्लक, एवढ्यावर काम भागले. दुसऱ्यांदा भागाकार मुलाने स्वतः केला. मग त्याने विचारलेला प्रश्न मला वाटते अभियंत्याने विचारावा असा होता: “सर, पण आमच्या खळ्याची उंची धरणाच्या हिशेबात किती?”

ती कोणी लिहून ठेवलेली नव्हती. स्नेह्यांनी उपाय सांगितला. पाऊस नाही, वारा नाही, पूर नाही अशा दिवशी जलाशयाचे पाणी जवळजवळ सपाट असते. त्या दिवशीची धरणावरची पातळी विचारून घ्यायची आणि आपल्या गावी पाण्याच्या कडेला खुंटी ठोकायची. खुंटीची उंची तीच. तिथून वर चढत, गवंड्याकडे पाण्याने भरलेली पारदर्शक नळी असते ना, तिने अर्ध्या अर्ध्या मीटरची समपातळी काढत जायचे आणि प्रत्येक टप्प्यावर खडकावर आकडा रंगवायचा. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी सारख्याच उंचीवर उभे राहते. त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. मात्र पूर असताना उदईसारख्या उपनदीच्या मुखाशी पाणी धरणापेक्षा उंच राहते, कारण ते वाहते ठेवायला उतार लागतो. म्हणून तिथे खुणेच्या खाली एक मीटरपासूनच सामान हलवावे, असे त्यांनी दोनदा बजावले. मुलाने वहीत सामान लिहून घेतले: नळी वीस मीटर, पांढरा रंग एक डबा, ब्रश, सुतळी, खुंट्या. नळी आमच्या महाविद्यालयाच्या बांधकामावरचा गवंडी दिवाळीच्या सुट्टीपुरती द्यायला तयार आहे. रंगाचे पैसे मी दिले.